एकतर्फी हुकूमनामा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी भोवतालचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. तेथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचले. इतिहासाच्या पुस्तकांत याला दख्खनचे दंगे म्हणतात.

आम्ही कामगार संघटनेतली माणसे. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार केवढा, हे आम्ही जाणतो. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. त्याचे कारण एक बाई आहे आणि आमच्या टेबलाच्या खणात पडून राहिलेला एक कागद आहे. ती हकीकत पुढे येईल. आधी सुप्याला जाऊ.

दंगेखोरांना हवे काय होते? धान्य आणि पैसाअडका काही ठिकाणी लुटला गेला, हे खरे. परंतु बहुतेक गावांत मागणी एकच होती : कागद बाहेर काढा. कर्जरोखे, गहाणखते आणि दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे गोळा करून चव्हाट्यावर जाळले गेले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तेथे पुष्कळदा त्याच्या अंगाला कोणी हातही लावला नाही. त्या दंग्याच्या आधीची ठिणगीसुद्धा कोर्टातूनच पडली होती. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत करू नये, पाणक्याने पाणी भरू नये, शेत कोणी कसू नये. आमच्या संपाच्या भाषेत सांगायचे तर पूर्ण काम बंद.

शेतकरी निरक्षर होता, पण कोणता कागद आपला जीव घेतो हे त्याला नेमके कळत होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षे ठरवली होती. हेतू चांगला होता : जुनी येणी पिढ्यान् पिढ्या मानगुटीवर बसू नयेत. व्यवहारात झाले असे की तीन वर्षे भरत आली की सावकार बोलावणे पाठवी. मुद्दल आणि व्याज यांची बेरीज करून ती नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिहिली जाई आणि त्याखाली अंगठा घेतला जाई. दर तीन वर्षांनी कर्ज नव्याने जन्माला येई. दिलेल्या रकमांची पावती नसे. मग एक दिवस दावा लागे.

आता आमच्या विषयाचे मर्म येथे आहे. दावा लागल्यावर प्रतिवादी, म्हणजे शेतकरी, कोर्टात जातच नसे. तालुक्याचे गाव दूर, एक दिवसाची खोटी, वकिलाला द्यायला पैसा नाही, कारकुनापुढे उभे राहण्याची धास्ती. कित्येकदा समन्स त्याच्या हाती पोचतच नसे, आणि पोचले तरी वाचून दाखवणारा तोच सावकार. न्यायाधीशासमोर रोखा असे, त्यावर अंगठा असे आणि समोरची बाजू रिकामी असे. त्याने दुसरे काय करावे? तो कायद्याप्रमाणे एकतर्फी हुकूमनामा देई. सरकारने नेमलेल्या चौकशी कमिशनपुढे ही गोष्ट ठळकपणे आली की असे दावे बहुतांशी एकतर्फीच निकालात निघत. म्हणजे शेतकरी वाद करून हरला नव्हता, तो गैरहजर राहून हरला होता. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कारकून, कोर्ट आणि कागद यांवर एवढा राग का आहे, हे त्यावरून उमगते.

पुण्याच्या पुढाऱ्यांनी स्वस्थ बसून हे पाहिले असे मात्र नाही. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी त्याच दशकात लवाद कोर्टाची चळवळ चालवली. कोर्टात न जाता चार जाणत्या माणसांपुढे तंटा मिटवावा, स्टँपही नको आणि वकीलही नको, अशी ती कल्पना होती. स्टँपची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने १७९३ साली दाव्यावरची फी काढून टाकली होती. दोनच वर्षांत ती परत बसली. कारण असे दिले गेले की खोटे दावे माजले आहेत. पुढे मेकॉलेने या कारणाची चांगली टर उडवली. फी खोट्या दाव्याला जितकी अडवते तितकीच खऱ्यालाही अडवते, एवढी साधी गोष्ट त्याला दिसली होती. परंतु फी गेली नाही. १८७० साली देशभरासाठी कोर्ट फीचा कायदा आला आणि मेकॉलेच्या शेऱ्याला कागदाची किंमत उरली.

दंग्यांनंतर चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे चार जिल्हे त्यात होते. आमचा जिल्हा त्यांपैकीच एक. हा कायदा आम्ही वाचनालयातल्या एका मोडकळीस आलेल्या बाडात वाचला. पाने हाताला लागून तुटत होती म्हणून ग्रंथपाल शेजारी उभे राहिले होते. वाचता वाचता आम्ही चकित झालो. कामगार कायद्यांत ज्या गोष्टी आमच्या आधीच्या पिढ्यांनी भांडून मिळवल्या, त्यांतल्या कितीतरी येथे आधीच लिहिलेल्या होत्या.

न्यायाधीशाने नुसता रोखा पाहून गप्प बसू नये, व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, किती दिले, किती घेतले, व्याज किती लावले, हे काढावे. प्रतिवादीला स्वतः साक्षीला बोलावून विचारावे. शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारपुढे व्हावा. पैसे फेडले तर सावकाराने पावती द्यावी. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. दावा लावण्यापूर्वी सलोखा करून देणाऱ्या माणसापुढे जावे. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात कोणत्याच बाजूने वकील उभा राहू नये. आणि या सर्वांत आमचे बोट ज्यावर थांबले ते कलम शेवटी शेवटी होते : सावकाराच्या बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील देण्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशाने शेतकऱ्याच्या संमतीने सरकारी वकिलास, किंवा राजी असेल अशा दुसऱ्या योग्य माणसास, त्याच्या बाजूने उभे राहण्यास सांगावे.

गरिबाला दिवाणी दाव्यात वकील देण्याची तजवीज आपल्या या मुलखात १८७९ साली कायद्यात होती, ही गोष्ट वकिली करणाऱ्या आमच्या स्नेह्यांनाही ठाऊक नव्हती. पण ‘राजी असेल अशा’ हे शब्द नीट वाचा. त्याला फी कोण देणार, हे कायदा सांगत नाही. फुकट राबण्यास राजी असणाऱ्या माणसावर टाकलेली ही व्यवस्था होती. शिवाय ती मिळायची कोणाला, तर जो कोर्टात येऊन उभा राहील त्याला. जो घरीच बसला आहे, ज्याला समन्स वाचता आले नाही, त्याच्या दारापर्यंत हे कलम चालत जात नव्हते.

रानडे स्वतः १८८७ साली या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश झाले आणि चार जिल्ह्यांतल्या खालच्या कोर्टांचे निकाल तपासत हिंडले. एवढ्या मोठ्या बुद्धीचा माणूस छोट्या कर्जांची बाडे चाळीत गावोगाव फिरत होता, याचे आम्हाला आजही अप्रूप वाटते. कायद्याचा उपयोग झाला. आंधळेपणाने सुटणारे हुकूमनामे कमी झाले. पण सावकारही हुशार होता. कर्जाचा इतिहास तपासला जातो म्हटल्यावर तो गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागला. कर्ज नाहीच, विक्री आहे. मग तपासणार काय? हा डाव ध्यानात ठेवावा. तो पुन्हा येणार आहे.

येथून आम्ही आपणांस मुंबईला नेतो, कारण त्याच चार जिल्ह्यांतली आणि कोकणातली जमीन सुटलेली माणसे गिरणीत भरती झाली. आणि योगायोग पाहा, ज्या १८७९ साली हा कायदा झाला त्याच साली कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावी नारायण मल्हार जोशी जन्मले. त्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांबरोबर लीगच्या कामांत गरीब आणि निरक्षर लोकांना कायद्याचा सल्ला देणे हेही एक काम होते. ना. म. जोशींना आम्ही १९२० च्या आयटकचे संस्थापक म्हणून ओळखतो, पण आमच्या मते त्यांचे हे सल्ल्याचे काम तितकेच मोलाचे आहे. परळला लीगचा दामोदर हॉल होता. तेथेच डॉ. आंबेडकरांचे कार्यालय होते. बॅरिस्टर होऊन आल्यावर ते तेथे बसत आणि १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम त्यांनी तेथूनच सुरू केले. त्याच १९२४ साली मुंबईत लीगल एड सोसायटी स्थापन झाली. आपल्या देशातल्या संघटित कायदेसाहाय्याची सुरुवात पुष्कळजण तेथून धरतात. आम्ही ती सार्वजनिक काकांपासून धरतो, पण यावर हुज्जत घालण्याचे कारण नाही.

कामगाराच्या बाबतीत मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात अपघात झालेल्या कामगारातर्फे नोंदलेल्या युनियनचा पदाधिकारी कमिशनरपुढे उभा राहू शके. १९४७ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्यात तर याच्याही पुढचे पाऊल होते : युनियनचा माणूस हक्काने उभा राही, आणि वकील आणायचा तर समोरच्या बाजूची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी लागे. आमच्यासारखी सातवी शिकलेली माणसे तीस वर्षे मोठमोठ्या मालकांच्या प्रतिनिधींसमोर उभी राहिली ती या कलमांच्या जोरावर. सुप्याच्या शेतकऱ्यापाशी जे नव्हते ते गिरणी कामगारापाशी आले. कागद वाचणारा, तारीख लक्षात ठेवणारा आणि सोबत चालणारा माणूस त्याला मिळाला. तो कामगार गैरहजर राहून हरत नसे. हरला तर लढून हरे.

पण फाटक ओलांडून तो चाळीत परतला की त्याची सोबत संपे. खोलीचा दावा, भावकीतल्या वाटणीचा दावा, सोडून दिलेल्या बायकोच्या पोटगीचा अर्ज, कर्जाची वसुली, हे सगळे दिवाणी कोर्टात. तेथे युनियनचा माणूस बाहेरच्या बाकावर बसतो. तेथे पाहिजे काळा कोट. फी द्यायला नसेल तर? दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८ पासून, मुफलिसाने दावा लावण्याची सोय आहे. पूर्वी त्याची कसोटी अशी होती की अंगावरचे जरुरीचे कपडे आणि दाव्याचा विषय सोडून शंभर रुपयांची मालमत्ता नसावी. १९७६ च्या दुरुस्तीने ‘मुफलिस’ हा शब्द काढून ‘निर्धन व्यक्ती’ असा शब्द घातला, शंभराचे हजार केले, जप्ती होऊ न शकणारी मालमत्ता हिशेबातून वगळली आणि अशा माणसाला कोर्टाने वकील नेमून द्यावा अशीही तरतूद केली. तथापि आधी तो निर्धन आहे की नाही याची चौकशी होते, सरकार पक्षाला नोटीस जाते, आणि या चौकशीतच महिने जातात. आपली गरिबी शाबीत करण्यासाठी साक्षीपुरावा गोळा करणे हे गरिबालाच सर्वांत जड जाते.

स्वातंत्र्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात समित्या फार आहेत. इंग्लंडात १९४५ साली रशक्लिफ समितीचा अहवाल आला आणि १९४९ साली तेथे कायदेसाहाय्याचा कायदाही झाला. त्याच १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली. तिने तालुक्यापासून राज्यापर्यंत साहाय्य समित्या असाव्यात अशी शिफारस केली. पैसा नाही म्हणून ती शिफारस कपाटात गेली. १९५८ साली सेटलवाड यांच्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात सांगितले की गरिबाला वकील देणे ही मेहरबानी नव्हे, ते राज्याचे कर्तव्य आहे, आणि न्यायदान हे सरकारने उत्पन्नाचे साधन करू नये. पुढल्याच वर्षी, १९५९ साली, आमच्या राज्याने स्वतःचा कोर्ट फी कायदा केला. दोन्ही गोष्टी लागोपाठ वाचल्या म्हणजे हसू येते.

सत्तरच्या दशकात हा विषय न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी हाती घेतला. हे दुसरे भगवती त्या पहिल्या भगवतींचे चिरंजीव. बापाच्या अहवालावर बसलेली धूळ मुलाने झटकली असे म्हणायला हरकत नाही. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेत ३९-अ हे कलम आले : आर्थिक वा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही नागरिक न्यायाला मुकू नये, म्हणून राज्याने मोफत कायदेसाहाय्य द्यावे. ही दुरुस्ती आणीबाणीतली, हे विसरता येत नाही. आमच्या चळवळीतले कितीतरी वडीलधारे तेव्हा तुरुंगात होते आणि त्याच दिवसांत घटनेत हे कलम लिहिले जात होते. कोणत्या हाताने काय लिहिले जाईल याचा नेम नसतो, एवढेच म्हणू.

पुढे १९७८ साली महाराष्ट्रातल्याच होसकोट यांच्या खटल्यात आणि १९७९ साली बिहारच्या हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क मोकळ्या शब्दांत मान्य केला. फार मोठी गोष्ट झाली. परंतु हा हक्क माणसाच्या देहस्वातंत्र्याच्या कलमातून निघाला, म्हणून तो प्रथम तुरुंगाच्या दारी पोचला. ज्याचा देह मोकळा आहे पण घर जाते आहे, त्याची पाळी मागाहून आली. विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ साली संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. मधली आठ वर्षे तो पाळण्यात झोपला होता. तालुका समिती, जिल्हा प्राधिकरण, राज्य प्राधिकरण : थोरल्या भगवतींनी सुचवलेली तालुक्यापासूनची रचना अडतीस वर्षांनी कायद्यात आली. या कायद्याच्या बाराव्या कलमात साहाय्याला पात्र कोण, हे दिले आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती, आपत्तीत सापडलेला माणूस. या कोणालाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. स्त्रीला उत्पन्न विचारले जात नाही, ही गोष्ट सभागृहातल्या भगिनींनी घरी जाऊन चार जणींना सांगावी. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, मालमत्ता, घटस्फोट आणि छळ यांसंबंधीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे.

याच कायद्याने लोकअदालतीला अधिकार दिला. तेथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचा दर्जा असतो, अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. सार्वजनिक काकांच्या लवाद कोर्टाची ही नात म्हणावी. आम्ही तिचे स्वागतच करतो. भांडण लवकर मिटावे असे कोणाला वाटत नाही? फक्त युनियनच्या माणसाचा एक अनुभव सांगून ठेवतो. वाटाघाटीला बसताना मालकाच्या बाजूला हिशेब पक्का असतो. कामगाराच्या बाजूला संपाची शक्यता नसेल तर त्याला तडजोड म्हणत नाहीत. लोकअदालतीत बँकेचा अधिकारी एका बाजूला आणि हप्ते थकलेला रिक्षावाला दुसऱ्या बाजूला बसतो, तेव्हा रिक्षावाल्याशेजारी आधी कोणीतरी बसून कागद वाचलेला असला पाहिजे.

आता ती हकीकत.

आमच्या गावात विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संघटना आम्ही बरीच वर्षे चालवतो. त्यांतली एक विधवा बाई. नवऱ्यामागे दोन खोल्यांचे घर होते. मुलीच्या लग्नाला तिने एका ओळखीच्या माणसाकडून पैसे घेतले. त्याने स्टँपपेपरवर लिहून घेतले. ती कर्जाची चिठ्ठी समजली. प्रत्यक्षात ते घराचे साठेखत होते, आणि घेतलेले पैसे त्यात इसारा म्हणून दाखवले होते. कर्ज नाहीच, विक्री आहे. आपण म्हटले होते ना, तो डाव पुन्हा येणार म्हणून.

खरेदीखत करून द्यावे असा त्याने दावा लावला. बेलीफ समन्स देऊन गेला. बाईंना वाचता येत नव्हते, पण शिक्का ओळखता येत होता. ती तो कागद घेऊन दुसऱ्याच दिवशी युनियनच्या कचेरीत आली. तिने काहीच चुकीचे केले नाही. आम्ही त्या आठवड्यात किमान वेतनाच्या मोर्च्याच्या गडबडीत होतो. कचेरीत पत्रके, बांबू, लाउडस्पीकरवाल्याचे बिल, माणसांची ये-जा. आम्ही कागदावरून नजर फिरवली. ‘कोर्टाचे आहे, नंतर बघू,’ असे म्हणून तो खणात ठेवला. वर पावतीपुस्तके आली. बाईंना वाटले, कागद युनियनपाशी आहे म्हणजे काम झाले. तिने पुन्हा विचारले नाही, आम्हाला पुन्हा आठवले नाही.

कैफियत देण्यास तीस दिवस असतात. कोर्टाने वाढवून दिले तर नव्वद. तेही गेले. तारखा गेल्या. पुढे एक दिवस बेलीफ परत आला, तो दरखास्तीची नोटीस घेऊन. एकतर्फी हुकूमनामा होऊन चुकला होता.

ते समन्स शोधून काढले तेव्हा त्याला घडीसुद्धा पडलेली नव्हती. सुप्याच्या शेतकऱ्याला कागद वाचून दाखवणारा शत्रू होता. या बाईंनी तो मित्राकडे दिला होता. त्या दिवशी आम्ही घरी गेलो ते कोणाशी बोललो नाही.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. समन्स नीट बजावले गेले नसेल तर माहिती झाल्यापासून दिवस मोजता येतात. पण येथे समन्स बजावले गेले होते, तिने स्वतः घेतले होते. तेव्हा उशीर माफ करावा असा अर्ज करावा लागला आणि उशिराचे कारण लिहावे लागले. तालुका विधी सेवा समितीकडून तिला वकील मिळाल्या. तरुण बाई होत्या. त्यांना मिळणारे मानधन त्यांच्या नेहमीच्या फीच्या मानाने थोडे, आणि तेही हाती यायला वेळ लागणारे, तरी त्यांनी काम मन लावून केले. त्यांनी आम्हाला सरळ विचारले, ‘काका, कारण काय लिहू?’ आम्ही म्हणालो, जे घडले ते लिहा. आम्ही शपथपत्र केले : कागद आमच्याकडे दिला होता, तो आमच्या हयगयीने राहिला. तीस वर्षांत दुसऱ्यांच्या चुका शाबीत करणारी किती शपथपत्रे आम्ही लिहिली असतील. हे एकच आमच्याविरुद्धचे.

कोर्टाने खर्च भरण्याच्या अटीवर हुकूमनामा रद्द केला. खर्चाचे पैसे युनियनने भरले. कार्यकारिणीत त्यावरून बोलाचाली झाली आणि ती योग्यच होती. मग कैफियत दाखल झाली, पैसे कर्जाचे होते हे पुढे आले. साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आत तडजोड झाली. बाईंनी मुद्दल आणि काही व्याज हप्त्यांनी द्यायचे आणि समोरच्याने साठेखत सोडायचे. पण हप्त्यांसाठी तिला एक खोली भाड्याने द्यावी लागली. आज ती एका खोलीत राहते. वेळेवर कैफियत गेली असती तर दोन्ही खोल्या तिच्याकडे राहिल्या असत्या काय? वकीलबाई म्हणाल्या, सांगता येत नाही. आम्हाला वाटते, राहिल्या असत्या.

त्यानंतर आम्ही कचेरीत एक वही घातली. शिक्का असलेला कोणताही कागद आला, मग तो कोर्टाचा असो, बँकेचा असो की नगरपालिकेचा, तो त्याच दिवशी वहीत चढवायचा. कोणाचा, कोणत्या तारखेचा, उत्तर कधीपर्यंत. तारीख भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायची, मोर्चा असो वा नसो. जो कागद आमच्या आवाक्यातला नसेल त्याच्या मालकाला सोबत घेऊन कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीच्या खोलीपर्यंत स्वतः चालत जायचे. नुसता पत्ता सांगून पाठवायचे नाही. पत्ता सांगितलेल्यांपैकी किती जण फाटकावरूनच परत येतात ते आम्ही पाहिले आहे. २००९ पासून या प्राधिकरणांनी विधी स्वयंसेवक नेमण्याची योजना चालवली आहे; आमच्या दोन विडी कामगार भगिनींनी ते प्रशिक्षण घेतले, त्यांतली एक दहावी नापास आहे. समन्स कसले आणि दरखास्तीची नोटीस कसली, हे ती आता आमच्यापेक्षा लवकर ओळखते. १५१०० या क्रमांकावर प्राधिकरणाचा फोन आहे, तोही फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. ज्यांच्याकडे लिहायला काही असेल त्यांनी आताच लिहून घ्यावा.

वहीत आजपर्यंत जेवढी नावे चढली त्यांत युनियनचे सभासद निम्मेसुद्धा नाहीत. शेजारची मोलकरीण येते, बांधकामावरचा माणूस येतो, एकदा एक निवृत्त मास्तर आले आणि फार संकोचाने बसले. कार्यकारिणीत कोणीतरी विचारले, वर्गणी न भरणाऱ्यांचे काम आपण का करावे? त्यावर अजून ठराव झालेला नाही, काम चालू आहे.

ती बाई दर महिन्याला वर्गणी भरायला येते. आमच्यावर ती कधी रागावली नाही, हे आम्हाला फार जड जाते. वर्गणी दिल्यावर मात्र पावती हातात पडेपर्यंत ती उठत नाही, आणि पावतीवर काय लिहिले आहे ते त्या दहावी नापास मुलीकडून वाचून घेते.